मिशनरी तरुण आठवडाभर करतो तरी काय? रत्नागिरीच्या बंदरावरून

तुमचा प्रश्न असा आहे: "मिशनरी म्हणून पाठवलेला तरुण वस्तीत जाऊन नेमकं काय करतो? तेही जिथे सगळे बाहेरून आलेले कामगार राहतात तिथे? आणि शेवटी हे सगळं धर्मांतरासाठीच ना?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे. पण आधी आठवडा सांगतो, म्हणजे ते उत्तर कशाला धरून आहे हे तुम्हाला कळेल.

मी चोवीस वर्षांचा. मूळचा वसईचा. घरी केळीची वाडी आहे, आजी अजून आमच्या कादोडी बोलीतच बोलते. धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेतोय. आमच्यात तत्त्वज्ञानाचा अभ्यास संपला की ईशज्ञानाला, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राला, बसण्याआधी एखादं वर्ष लोकांत काम करायचं असतं. ते वर्ष मला रत्नागिरीत मिळालं. इथला धर्मप्रांत (एका बिशपांच्या देखरेखीखालचा भाग) सिंधुदुर्गचा, २००५ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा झालेला. मुख्य ठिकाण सावंतवाडी, पसारा पार घाटापलीकडे, आणि कॅथलिक मूठभर. वसईत दर दहा मिनिटांच्या वाटेवर चर्च बघत वाढलेल्या मुलाला इथे पहिला महिनाभर फार एकटं वाटलं. लोक मला "ब्रदर" म्हणतात.

मी जातो ती वस्ती मिरकरवाडा बंदराच्या वरच्या अंगाला आहे. बंदर इथल्याच लोकांचं: दालदी मुस्लिम, खारवी, भंडारी, पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगलेली माणसं. नाखवे, म्हणजे बोटींचे मालक, इथले, बरेचसे तांडेलही (बोट चालवणारे प्रमुख) इथले. पण जाळं ओढणारे हात आता मोठ्या प्रमाणावर नेपाळी आहेत. माझ्या ओळखीतले बहुतेक जण पश्चिम नेपाळच्या कैलाली जिल्ह्यातले, थारू समाजाचे. गौरीफंट्याची सीमा ओलांडून, दोन-तीन रेल्वे बदलून ते इथे येतात. इथे येईपर्यंत त्यांनी समुद्र पाहिलेला नसतो, आणि मग वर्षातले दहा महिने त्याच्यावरच राहतात. त्यांच्या शेजारच्या खोल्यांत चिरेखाणीवर काम करणारी विजापूरकडची कुटुंबं, त्यातली काही लमाणी. एका चाळीत झारखंडच्या सिमडेगा-गुमला भागातली मुलं आहेत, बांधकामावर जाणारी. ती मात्र जन्माची कॅथलिक, रविवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, माझ्याही आधी हजर. आणि दवाखान्यांत नोकरी करणाऱ्या केरळच्या नर्सताई.

पहिल्या दिवशी फादरांनी मला एक दोनशे पानी वही दिली. म्हणाले, "यात फक्त नावं लिहायची. पूर्ण नाव, गाव, घरातल्या एकाचा फोन नंबर." कारणही सांगितलं. मी येण्याच्या आधीच्या हंगामात एक खलाशी रात्री बोटीवरून पडून गेला. बोटीवर त्याला सगळे "बहादूर" म्हणत. त्याचं खरं नाव कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, गाव तर नाहीच, आणि फोन त्याच्याबरोबरच समुद्रात गेलेला. त्याच्या घरी कळवायला नऊ दिवस लागले. नऊ दिवस त्याची आई समजत होती की पोरगा कामावर आहे.

इथे सगळे नेपाळी "बहादूर", सगळे कानडी "अण्णा", सगळे उत्तरेकडचे "भैया". हाक मारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, हे मला माहीत आहे. पण मी जे काही करतो त्यातलं निम्मं काम एवढंच आहे की माणसाला त्याच्या नावाने ओळखायचं आणि ते नाव योग्य जागी योग्य लिहिलं जाईल असं बघायचं. (इथे मी कुणाचंच नाव लिहीत नाहीये, कारण ते सांगण्याचा हक्क त्यांचा आहे.)

आता ऑक्टोबरच्या शेवटचा एक आठवडा घ्या.

सोमवार चर्चच्या कामात जातो. झाडलोट, हिशेब, वेदीवरची वस्त्रं धुवायची, वाचनं कुणी करायची ते ठरवायचं. त्यात सांगण्यासारखं विशेष नाही. रोज पहाटे तासभर प्रार्थना असते. ती चुकली तर दिवसभर मी लोकांवर वैतागतो, हे मला अनुभवाने कळलं आहे.

मंगळवारी चिरेखाणीवर गेलो. चिऱ्याची खाण पाहिली नसेल तर सांगतो: लाल कातळात यंत्राच्या पात्याने आडव्याउभ्या चिरा मारतात, मग पहारीने एकेक चिरा उचकटून वर देतात. धूळ इतकी की माणसाच्या भुवयासुद्धा तांबड्या दिसतात. पावसाळ्यात खाण बंद. म्हणून ही कुटुंबं दिवाळीनंतर येतात आणि मृगाच्या आधी गावी जातात. म्हणजे मुलांची शाळा दोन्हीकडे अर्धी. यंदा नव्याने आलेली तीन मुलं होती, सहा ते दहा वयाची. वडील म्हणाले, "आता मधेच कोण घेणार? जन्माचा दाखलापण गावाला." हे मला आता पाठ झालंय: २००९च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखला नाही किंवा वर्ष अर्धं सरलं म्हणून शाळा मुलाला नाकारू शकत नाही, आणि मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं असतं. पण कायदा बोलून दाखवला की समोरचा माणूस आखडतो. मी शाळेत गेलो आणि बाईंना म्हटलं, "तीन मुलं आणलीत, बसवू का?" बाईंनी तिघांकडे पाहिलं आणि थोरलीला कानडीत विचारलं, "ऊट आयता?" जेवलीस का? तेवढं एक वाक्य त्यांनी कुठून तरी शिकून ठेवलं होतं. ती मुलगी सकाळपासून पहिल्यांदा हसली. पुढचं सगळं सोपं होतं. मला वाटतं, आठवड्यात त्या परिसरात सगळ्यांत मोलाचं काम त्या बाईंनी केलं. मी फक्त स्कूटर चालवली.

बुधवारी बंदरावर तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागला. समुद्र खवळलेला, आभाळ भरलेलं, बोटी भराभर आत येऊ लागल्या. वारं सुटलं की या किनाऱ्यावर लांबलांबच्या बोटी आसऱ्याला येतात. २०१७च्या डिसेंबरात ओखी वादळात देवगडला केरळ आणि तमिळनाडूचे नऊशेवर मच्छीमार आले होते, त्याच्या आठवणी इथे अजून निघतात. त्या दिवशी आत आलेल्या एका बोटीवर एकोणीस वर्षांचा मुलगा होता. जाळ्यातले मासे निवडताना शिंगाळ्याचा काटा त्याच्या तळहातात घुसला होता. शिंगाळ्याच्या काट्याला विष असतं, कळ खांद्यापर्यंत जाते. बोटीवरच्यांनी त्याचा हात सोसवेल इतक्या कोमट-गरम पाण्यात बुडवून ठेवला होता. तो उपाय बरोबर आहे, उष्णतेने कळ उतरते. पण काट्याचा तुकडा आत राहिला होता आणि हात पुरीसारखा फुगला होता. मी त्याला मागे बसवून एका दवाखान्यात नेलं.

केसपेपरच्या खिडकीवर लांब रांग. आतल्या बाईंनी वर न बघता विचारलं, "नाव?"

मुलाने बोटीचं नाव सांगितलं.

मला क्षणभर कळलंच नाही. मग लक्षात आलं. त्याला येते ती हिंदी, आणि हिंदीत नाव म्हणजे होडी. बंदरावर पोलीस असोत, बर्फवाला असो की डिझेलवाला, सगळे त्याला एवढंच विचारतात: कुठली बोट? तर त्याने सवयीने बोटीचं नाव सांगितलं, आणि बाईंनी ते लिहूनही टाकलं. ते एका देवीचं नाव होतं. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या केसपेपरवर देवीचं नाव, आणि पुढे आडनावाच्या जागी "नेपाळी".

मागे असाच प्रसंग झाला होता तेव्हा मी गप्प बसलो होतो. रांग मोठी आहे, उपचार झाल्याशी मतलब, असा विचार केला. पुढे त्या खलाशाला मालकाकडून औषधाचे पैसे मागायचे होते, तर कागदावरचं नाव त्याचं नव्हतंच. पैसे मिळाले नाहीत. ती चूक माझी होती. म्हणून या वेळी मी खिडकीला चिकटून उभा राहिलो. म्हटलं, "ताई, हे बोटीचं नाव झालं. मुलाचं नाव लिहायचंय." मागून लोक ओरडायला लागले. बाई दमलेल्या होत्या, दोन खिडक्यांचं काम एकटीवर होतं. पण त्यांनी जुन्या नावावर रेघ मारली आणि विचारलं, "सांग, एकेक अक्षर सांग." मुलाने सांगितलं. त्यांनी लिहिलं.

नेपाळीची आणि मराठीची लिपी एकच, त्यामुळे त्याला कागद वाचता येत होता. बाकावर बसल्यावर त्याने दुखऱ्या हाताखाली कागद धरून वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचला. अर्थ अर्धाच कळत होता, पण उच्चार स्वच्छ. स्वतःच्या नावाशी आला, थांबला, पुन्हा वाचलं. काटा निघाला, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, संध्याकाळी आम्ही परत आलो.

गुरुवार असाच: कुणाचा फोन रिचार्ज होत नाही, कुणाचं बँकेत अडलंय, कामगारांची सरकारी ई-श्रम नोंदणी, रेशन. झारखंडच्या मुलांना गावाकडच्या कार्डावर इथे धान्य मिळू शकतं, पण दुकानदाराला ते समजावून सांगायला सोबत एक मराठी बोलणारा लागतो. नेपाळच्या मुलांना यातलं काहीच लागू नाही. १९५०च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इथे राहायला आणि काम करायला परवाना लागत नाही, ही मोठी सोय आहे. पण त्यामुळेच कित्येकांची धड नोंद कुठे नसते. मग ती फादरांच्या वहीत होते.

शुक्रवार माझा मुख्य दिवस. मी ओळखतो त्या नाखव्यांच्या बोटी जुम्म्याला सुट्टी घेतात. बावटा नसला तरी त्या दिवशी मुलं जमिनीवर असतात. कपडे धुणं, केस कापणं, आणि आईला व्हिडिओ कॉल. मी सकाळी दहाला जातो आणि दर शुक्रवारी दहालाच जातो. सुरुवातीला मी सवडीने जायचो, कधी मंगळवारी, कधी शनिवारी. तेव्हा कुणी दारही पूर्ण उघडत नसे. दिवस पक्का केला आणि सहा आठवड्यांनी एका खोलीत माझ्यासाठी चहाचा पेला बाजूला काढून ठेवलेला दिसला.

त्या खोलीचे मालक एक आजोबा आहेत. ऐंशीच्या घरात. मुंबईला गिरणीत होते. १९८२च्या जानेवारीत संप झाला, गिरणी पुन्हा सुरू होईल म्हणून दीड वर्षं वाट बघितली आणि गावी परत आले. त्यांच्या दोन खोल्यांत मिळून चौदा खलाशी राहतात. शेजारचे तक्रार करतात तेव्हा ते म्हणतात, "आमी डिलाईल रोडला असंच ऱ्हायलो. एका खोलीत सतरा जण. रातपाळीवाला आला की सकाळवाल्याची वळकटी तो घ्यायचा. आमाला कोण काय बोललं नाय, आन्‌ मी यांना बोलू?" कोकणातल्या कुठल्याही वाडीत विचारा, प्रत्येक घरातून कुणी ना कुणी असाच मुंबईच्या खोलीत राहून मनीऑर्डर पाठवत होता. रत्नागिरीला परकी माणसंही नवी नाहीत. ब्रह्मदेशचा थिबा राजा इथे १८८६ पासून १९१६ला मरेपर्यंत नजरकैदेत राहिला, त्याचा राजवाडा अजून उभा आहे. पण राजाला इंग्रजांनी आणून ठेवलं होतं. ही मुलं पोटासाठी आपणहून येतात आणि त्यांचं कुणी काही लिहून ठेवत नाही.

आजोबा मात्र ठेवतात. गिरणगावात त्यांच्या गावच्या मंडळाची वही असे, कोण कुठल्या घरातला, कधी आला, खाणावळीचे किती दिले. तशीच वही त्यांनी आता भाडेकरूंची केली आहे. नेपाळी नावं त्यांना नीट लिहिता येत नाहीत, म्हणून ती मी लिहून देतो. आमची ओळख तिथूनच झाली.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत आधी त्यांनीच विचारला होता, तुमच्यापेक्षा सरळ: "तू यांना बाटवायला आलायस काय रे?"

मी त्यांना सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. मी ख्रिस्तासाठी इथे आलोय, ते लपवत नाही. परक्या माणसाच्या रूपात तो भेटतो असं मी मानतो, आणि तेवढ्यासाठीच पावसात स्कूटर काढतो. कुणी माझ्या श्रद्धेबद्दल विचारलं तर आनंदाने बोलतो. राज्यघटनेच्या २५व्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि सांगण्याचा हक्क दिला आहे. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला आहे. आणि आमच्या घरचा नियमही तोच आहे: दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) १९६५ साली बळजबरी आणि आमिष या दोन्हींना स्वच्छ मनाई केली. केसपेपर, शाळा, रेशन यातलं काही मी प्रार्थनेच्या बदल्यात दिलं, तर तो माझ्याच श्रद्धेचा बाजार होईल. एखाद्याला खरोखर बाप्तिस्मा घ्यायचाच असेल तर आमच्यात त्याची तयारी कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त चालते, आणि त्यात त्याला अनेकदा विचारलं जातं की कुणी दबाव आणला नाही ना. या वर्षात माझ्यामुळे कुणीही ख्रिस्ती झालेलं नाही. माझं काम फसलं असं मला एकदाही वाटलेलं नाही.

कुठे कुणी मदतीच्या नावाखाली फसवलं असेल, लोकांच्या गरिबीचा फायदा घेतला असेल, तर त्याचा राग तुमच्याइतकाच मलाही येतो. कारण त्यानंतर दार ठोठावणाऱ्या प्रत्येकाकडे लोक त्याच नजरेने बघतात, आणि ते बरोबरच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक याच जिल्ह्यातले, दापोलीकडच्या करजगावात १८६१ला जन्मलेले. ते ख्रिस्ती झाले ते स्वतःच्या शोधातून, आणि शेवटपर्यंत मराठीच राहिले. मला तो रस्ता मान्य आहे. दुसरा नाही.

आजोबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. मग ही खालची दोन नावं नीट लिहून दे."

शनिवार. दुसऱ्या दिवशी दोन नोव्हेंबर होता, आमचा मृतांचा दिवस. त्या दिवशी मिस्सेत मरण पावलेल्यांसाठी प्रार्थना करतात. वसईत आम्ही कबरस्तानात मेणबत्त्या लावतो, फुलं वाहतो, घराघरातून नावं लिहून चर्चमध्ये देतात. इथे कबरी थोड्या, आणि आमच्या रविवारच्या मंडळींची माणसं सगळी दूर पुरलेली: सिमडेग्याला, केरळात, गोव्यात. म्हणून फादरांनी नावं वाचून दाखवायचं ठरवलं. संध्याकाळी आजोबांच्या ओटीवर बसून मी चिठ्ठ्यांवरची नावं एका कागदावर उतरवत होतो. बुधवारचा तो मुलगा बँडेज बांधलेला हात छातीशी धरून शेजारी बसला होता. त्याने विचारलं, हे काय? मी सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, त्याचा थोरला भाऊ गुजरातच्या समुद्रात गेला. चार वर्षं झाली. सापडला नाही. त्याचं नाव यात घालता येईल का?

मी म्हटलं, "ही आमची प्रार्थना आहे. तुमच्या घरचे विधी वेगळे असतील, घरच्यांना चालेल का?"

तो म्हणाला, "नाम ही तो लेना है ना?"

मी फादरांना फोन केला. फादर म्हणाले, "लिही. आणि उच्चार मला आज रात्रीच सांगून ठेव."

रविवारी मिस्सा मराठीत झाली, एक वाचन हिंदीत. झारखंडच्या मुलांनी त्यांच्या सादरी बोलीत गाणं म्हटलं, ते इतकं सुंदर झालं की पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाईंनी मागे वळून बघितलं. तो मुलगा आणि त्याचे दोन साथीदार दारातच उभे होते, चपला हातात धरून. आत या म्हणून खुणावलं, पण आले नाहीत. मी आग्रह केला नाही. फादरांनी नावं सावकाश वाचली, प्रत्येक नावानंतर थोडं थांबून. बाहेर पाऊस सुरू झाला होता, पत्र्यावर आवाज मोठा होता.

मिस्सा संपल्यावर तो माझ्याकडे आला.

"ब्रदर, आलं का? पावसात मला ऐकू नाही आलं."

"आलं," मी म्हटलं. "नववं होतं."

त्याने कागद मागितला. मी खिशातून काढून दिला. त्याने बोट ठेवून वरून एकेक नाव मोजलं, सगळी अनोळखी माणसं, नवव्यावर थांबला, आणि कागद घडी घालून मला परत दिला.

सोमवारी दुपारी बावटा उतरला. त्याचा हात अजून बरा नव्हता, तरी रात्रीच्या बोटीवर तो गेला. शुक्रवारी दहाला मी वस्तीत असेन.